पंगतीतलं चौथं नाव

त्या दुपारी फोन वाजला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आली ती भिंत. २०१९ चा फेब्रुवारी होता, तलासरी आणि डहाणूत भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन हलत होती, वेवजीला तिच्या घराच्या मागच्या भिंतीला तडा गेल्याचं माझी मेव्हणी कल्पना आदल्याच आठवड्यात म्हणाली होती. मी आमच्या चिकू बागायतदारांच्या संस्थेत काट्यापाशी उभा होतो. फोनवर कल्पनाचा आवाज अगदी सपाट होता. "भाऊजी, तुम्ही या. ताईला घेऊन या." मी विचारलं, "भिंत पडली का?" ती म्हणाली, "भिंत नाही..." हरेश्वर सकाळच्या पाळीला कंपनीत गेला होता, प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसल्या बसल्या एका बाजूला कलला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलेला होता. छप्पन्न वर्षांचा होता. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखू नाही. मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे, पण त्या दिवशी एकही आकडा माझ्या उपयोगी पडला नाही.

हरेश्वर माझा साडू. माझ्या बायकोच्या, संध्याच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. डहाणूच्या खाडीकाठच्या मच्छीमार घरातला पहिला एम.एस्सी. राज्याच्या सीमेपलीकडच्या एका रसायन कंपनीत त्याने पंचवीसहून जास्त वर्षं काढली. घर वेवजीला घेतलं, कारण तिथून कंपनी जवळ. "रोज सकाळी मोबाइल मला परराज्यात आपलं स्वागत आहे म्हणतो," तो सांगायचा, "कंपनीत मात्र अजून कोणी म्हणालं नाही." असं बोलणं हसतहसत असायचं. त्यातलं किती खरं होतं हे मला उशिरा कळलं.

कंपनीने शोकसभा घेतली ती कँटीनमध्ये. फोटोला हार, बाजूला मोठा फ्लेक्स, त्यावर "आमचे लाडके शास्त्रज्ञ". कंपनीत मालकांना मोठे साहेब आणि त्यांच्या मुलाला धाकटे साहेब म्हणतात, मीही तसंच लिहितो. धाकटे साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "हरेश्वरभाईंनी या कंपनीला अकरा पेटंट दिली." टाळ्या वाजवायची जागा नव्हती, तरी मागून दोघांनी वाजवल्याच. "दिली" हा शब्द मात्र बरोबर होता. अकरापैकी सात रसायनातली होती. रंगांच्या कारखान्यातून निघणाऱ्या खारट पाण्यातून मीठ वेगळं काढण्याची रीत, आम्लाने न खाल्लं जाणारं एक लेपण, असली. उरलेली चार यंत्रांची. गाळणयंत्राची एक झडप, ढवळणीचं एक पातं... मला सगळं समजायचं नाही, पण तो मला समजेपर्यंत सांगायचा. एका माणसाने रसायन आणि लोखंड दोन्हीकडे हात घालावा हे त्याच्या क्षेत्रात फारसं घडत नाही, असं त्याचा एक मित्र मला सभेनंतर म्हणाला. सभेत कोणी तसं म्हणालं नाही.

या अकराही पेटंटांवर संशोधक म्हणून हरेश्वरचं नाव आहे, पण एकटं नाही आणि पहिलंही नाही. पहिलं मोठ्या साहेबांचं, दुसरं धाकट्या साहेबांचं, तिसरं कारखान्याच्या व्यवस्थापकाचं, मग याचं. एकावर तो पाचवा आहे, कारण त्या वर्षी मालकांचे जावई कंपनीत रुजू झाले होते. एकदा मी चिडून विचारलं, "अरे, या लोकांनी यात काय केलं?" तो बोंबलाचा काटा काढावा तितक्या शांतपणे म्हणाला, "साडूबुवा, पेटंट म्हणजे पंगत. यजमान आधी बसणार. वाढपी कधी पहिल्या पानावर बसलेला बघितलाय का?" मी म्हटलं, स्वयंपाकही तूच केलास. तो म्हणाला, "म्हणूनच मला चव माहीत आहे."

त्याची आई खाडीकाठच्या घरीच राहिली. सगळा पाडा तिला बाय म्हणतो, आम्हीही. जन्मभर तिने बोंबील सुकवून विकले. बांबूंच्या मांडवावर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे, ऊन द्यायचं, आणि अवेळी ढग आले की सगळा पाडा धावत सुटायचा. एका रात्रीच्या दमटपणाने माल काळा पडतो, माशा बसतात, मग काही जण त्यावर कीटकनाशक मारतात. ते हरेश्वरला सहन होत नसे. "आपण विष वाळवून विकतोय," म्हणायचा. त्या रागातून त्याने सुकवणी पेटी केली. कंपनीत नाही, सुट्टीच्या दिवशी, वेवजीच्या घरामागे, स्वतःच्या हाताने.

पेटी दिसायला कपाटासारखी. खालून हवा आत यायची, काळ्या रंगाच्या पत्र्याखाली तापायची, बोंबलांमधून वर जाऊन धुराड्यातून बाहेर पडायची. पंखा नाही, वीज नाही. पण खरी युक्ती तळाशी होती. भाताच्या तुसाची राख आणि हवेतली ओल ओढून घेणारं एक मीठ, कॅल्शियम क्लोराइड, यांच्या त्याने विटा पाडल्या होत्या. रात्री पेटी बंद केली की त्या विटा आतली ओल पिऊन टाकायच्या, दिवसा तापल्या की ती बाहेर सोडायच्या. "दिवसा सूर्य विटा वाळवतो, रात्री विटा बोंबील वाळवतात," इतक्या सोप्या शब्दांत त्याने ते मला सांगितलं. हे मीठ भिजलं की वितळून गळतं. ते राखेत धरून ठेवण्यातच त्याची तीन वर्षं गेली होती. वजनं मी केली, संस्थेचा छोटा काटा घरी आणून. दहा किलो ओला माल पेटीत सव्वा किलोवर यायचा आणि तिथेच थांबायचा. मांडवावरचा माल सकाळी एक वजन दाखवायचा, दमट संध्याकाळी दुसरं. मी तेव्हा त्याला म्हणालो होतो, हे अकरांपेक्षा मोठं आहे. तो म्हणाला, "आणि यावर नाव एकच असेल."

एवढंच त्याला हवं होतं. हे मी पुन्हा लिहितो, कारण सभेत त्याच्या निःस्वार्थीपणावर बरीच भाषणं झाली. तो निःस्वार्थी नव्हता. त्याला एक पेटंट स्वतःच्या एकट्याच्या नावावर हवं होतं.

अर्ज त्याने स्वतः लिहिला. त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती, कंपनीचे मसुदे तोच लिहायचा. पण नोकरीत असलेल्या माणसाने कंपनीची लेखी हरकत नाही असा कागद घ्यावा, म्हणजे उद्या वाद नको, असं त्याच्या नीटनेटक्या डोक्यात बसलं. त्याने तो मागितला. धाकटे साहेब म्हणाले, "अरे हां हां, देतो ना." उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला, कागद आला नाही. आणि नारळी पौर्णिमा आली. २०१४ ची.

त्यांच्या पाड्यात एक रीत आहे. वर्षभरात कोणी नवी होडी, नवं जाळं, नवं इंजिन, काहीही केलं असेल तर नारळ समुद्राला देण्याआधी त्याने सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने सांगायचं, हे मी केलं, अशा अशा वस्तूंचं केलं, त्या इथून आणल्या. मग त्या वस्तूवर नारळ फुटतो. न सांगता वापरलेली वस्तू समुद्र चोरीची धरतो, अशी समजूत. बाय हट्टाला पेटली. पेटी टेम्पोतून खाडीवर आणायला लावली. मी हरेश्वरला बाजूला घेऊन विचारलं, "अर्ज गेला का?" तो म्हणाला, "कागद मिळाला की दुसऱ्या दिवशी जाईल." मी म्हटलं, मग आज बोलू नकोस, तूच मला सांगितलंस की आधी बोभाटा झाला तर पेटंट मिळत नाही. त्याने आईकडे बघितलं. बाय तिथूनच ओरडली, "काय कुजबुज लावलीय रे? चोरून आणलीय का पेटी? मग सांग की सगळ्यांना!" बायका हसल्या. एक म्हणाली, "एवढा शिकला नि बोलायला लाजतो." हरेश्वर मला म्हणाला, "साडूबुवा, हे आपलेच लोक. यांच्यातलं कोण पेटंट ऑफिसात जाणार आहे?"

आणि तो उभा राहून बोलला. चांगला बोलला. पत्रा कुठला, तुसाची राख कैनाडच्या कुठल्या गिरणीतली, मीठ कोणतं, राखेत किती, सगळं. मासेमारी बंद होती म्हणून खाडीतली थोडी मासळी पेटीत टांगली होती, ती काढून बायकांच्या हातात दिली. बायने नारळ फोडला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुन्हा पाहिलं नाही. गर्दीत एका स्थानिक वर्तमानपत्राला बातम्या देणारा तरुण होता. पाड्यातल्याच कोणाचा तरी जावई. त्याने मोबाइलवर फोटो काढला. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर बातमी आली, विटांच्या प्रमाणासकट. बातमी कौतुकाची होती, एकही चूक नव्हती. बायने ती चौकटीत बसवून भिंतीवर लावली.

त्या बातमीनंतर महिन्याच्या आत कंपनीचा कागद आला. हरकत नाही. हरेश्वरने अर्ज दाखल केला. पेटंटचा अर्ज दीडेक वर्ष बंद राहतो, मग जाहीर होतो. तो जाहीर झाला आणि त्यावर विरोध आला. विरोध कोणीही घेऊ शकतो, अशी कायद्यात सोय आहे. विरोध करणाऱ्याचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं, पत्त्यावर कोणी सापडलं नाही. कागदांना जोडलेला पुरावा एकच होता. बायच्या भिंतीवर होतं तेच कात्रण. वकील मात्र ओळखीचा निघाला. कंपनीची अकरा पेटंटं त्यानेच दाखल केली होती.

यावरून काय सिद्ध होतं, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, काही नाही. वकील अनेकांची कामं घेतात. मी हिशेबी माणूस आहे, दोन आणि दोन मांडून ठेवतो, बेरीज वाचणाऱ्यांनी करावी. हरेश्वरने केली होती. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बसने तो कामावर गेला. संध्या त्याच्यावर भडकली, "भावोजी, राजीनामा त्यांच्या तोंडावर फेका." तो म्हणाला, "आणि प्रयोगशाळा कुठून आणू? तुमच्या आशागडच्या चिकूच्या वाडीत मांडू?"

सुनावणी २०१८ मध्ये मुंबईला झाली. मी सोबत गेलो. समोरचे अधिकारी सज्जन होते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी सगळं वाचलेलं होतं. शेवटी म्हणाले, "काम उत्तम आहे तुमचं. पण अर्जाच्या आधी तुम्ही हे जगाला सांगून मोकळे झालात. आता ते नवीन कसं म्हणू?" हरेश्वरने चष्मा काढून पुसला. म्हणाला, "साहेब, आमच्याकडे सगळ्यांसमोर सांगितलं की वस्तू आपली ठरते." अधिकारी म्हणाले, "इथे उलटं आहे." अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. तो फक्त म्हणाला, "बायला सांगू नका, साडूबुवा. ती ते कात्रण उतरवेल."

पुढची गोष्ट मला आजही पटत नाही. त्या पावसाळ्यात कंपनीने त्यालाच बोलावून सांगितलं, तुमची पेटी स्टीलमध्ये करू, विटांऐवजी त्याच मिश्रणाच्या गोल कड्या करू, सुधारित रूप म्हणून अर्ज टाकू. आणि त्याने ते काम केलं! मनापासून केलं. कड्यांमधून हवा जास्त खेळते, हे मला सांगताना त्याचे डोळे चमकत होते. मी चिडलो. म्हटलं, लाज वाटत नाही? तो म्हणाला, "लाज वाटते. पण कड्या खरंच चांगल्या आहेत." जानेवारीत पहिलं स्टीलचं यंत्र खाडीवरच्या बायकांच्या एका गटाला भेट दिलं. फीत कापली गेली, दर्शनी भागावर कंपनीच्या नावाची पट्टी. फोटोत हरेश्वर डाव्या टोकाला, अर्धा. महिन्याभरात तो गेला.

तेरावं झालं आणि दोनच दिवसांनी कंपनीचा कायदा बघणारा एक तरुण वेवजीला आला. मी तिथेच होतो. धक्क्यांच्या भीतीने तेव्हा घरात कोणी बसत नसे, अंगणातच आंब्याखाली खुर्च्या असायच्या. खाडीवरून आलेली बाय खाली चटईवर बसली होती. मुलगा सभ्य होता, चहासुद्धा दोनदा नको म्हणाला. कड्यांच्या अर्जावर हरेश्वरची सही राहून गेली होती. संशोधक वारला की त्याच्या वारसाने हक्क लिहून द्यावा लागतो. तेवढी सही कल्पनाने करायची होती.

कल्पनाने कागद वाचला. सगळा. मग विचारलं, "यांचं नाव कितवं आहे?"

"चौथं, वहिनी. क्रमाला कायद्याने काही अर्थ नसतो."

"मग पहिलं घाला."

तो कसनुसा हसला. "ते माझ्या हातात नाही."

बायने खालून विचारलं, "पोरा, त्या कागदावर काय लिवलंय? माझ्या हरूनं पेटी केली, असं?"

"हो आजी. चौघांनी मिळून केली असं आहे."

"चौघं?" बाय म्हणाली. "नारळ फोडला तवा तर एकटाच उभा होता. बाकीचे तिघं काय होडीखाली लपले होते?"

मुलाने मान खाली घातली. त्याचा दोष नव्हता, तो पगारी माणूस. पण त्याला सांगणं भागच होतं, म्हणून त्याने सांगितलं. "सही झाली नाही तर... नाव गाळून तिघांच्या नावाने अर्ज पुढे न्यावा लागेल, वहिनी. मला तसं सांगून पाठवलंय."

कल्पनाने कागदाची घडी केली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाली, "गाळा."

तो गेल्यावर मी तिच्याशी वाद घातला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ज्या वस्तूसाठी त्याने जीव टाकला तिच्या कागदावर आता त्याचं नावच राहणार नाही. चौथं का होईना, पन्नास वर्षांनी कोणी शोधलं तर सापडेल. शून्यापेक्षा एक मोठा असतो. ती भांडी विसळत होती, पाणी बंद न करता म्हणाली, "भाऊजी, अकरा ठिकाणी ते तसेच बसले आहेत ना, कोपऱ्यात. तिथे शोधतील शोधणारे. ही पेटी त्यांची एकट्याची होती. एकट्याची नाही तर नकोच." मग जरा थांबून म्हणाली, "ते असते तर सही केली असती. मला ठाऊक आहे. म्हणूनच मी केली नाही."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आकड्यांत मी बरोबर आहे, असं मला अजून वाटतं. पण तिला चूक म्हणायला माझी जीभ उचलत नाही. गेल्या आठवड्यात कंपनीकडून तिला दोन ओळींची मेल आली. अर्ज तीन नावांनी पुढे गेला आहे, सहकार्याबद्दल आभार. आता कायद्याच्या भाषेत त्या कड्यांशी हरेश्वरचा काही संबंध नाही.

परवा आम्ही खाडीवर गेलो. स्टीलचं यंत्र गटाच्या शेडमध्ये बंद होतं. त्याच्या कड्या कंपनीतूनच येतात, संपल्या की वाट बघायची. हरेश्वरची लाकडी पेटी मात्र बायच्या ओट्यापाशी चालू होती. पत्रा गंजलाय, दाराला दोरी बांधलीय. आत बोंबील टांगलेले. नव्या विटा आता कोण पाडणार? वरोर गावाकडून मासळी घ्यायला आलेली एक बाई पेटीभोवती फिरून बघत होती. तिने विचारलं, "मावशी, ही कंपनीची पेटी ना?"

संध्या काही बोलणार होती, कल्पनाने तिचा हात दाबला. बायने त्या बाईकडे बघितलं नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पेटीपाशी गेली आणि धुराड्याच्या तोंडावर तळहाताची मागची बाजू धरली. हरेश्वर असंच करायचा. घरी त्याच्याकडे तीन तापमापकं होती, पण खाडीवर आला की हात असाच उलटा धरायचा, डोळे मिटून, बाहेर पडणारी हवा किती ओली आहे ते अजमावत. बाय तशीच डोळे मिटून उभी राहिली. मग हात पदराला पुसला आणि त्या बाईला म्हणाली, "बस जरा. अजून तासभर लागेल."